गोधडीचा चौथा कोपरा

मी गोधड्या शिवत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण सुरतेच्या लिंबायतमध्ये माझी ओळख गोधडीवाली शोभामावशी अशी पडली आहे आणि नवख्या माणसाला वाटतं, ही बाई दिवसभर चिंध्या जोडत बसत असेल. मी फक्त कडा करते. गोधडीचं मधलं अंग ज्या त्या बाईने आपल्या घरी शिवायचं; टीव्हीसमोर बसून, नळाच्या पाण्याची वाट बघत, सुनेच्या नावाने बोटं मोडत, कसंही. चारी बाजू उघड्या ठेवून घडी माझ्याकडे आणायची, मी त्या बांधून देते. दुसऱ्याने सुरू केलेलं काम संपवायचं, एवढाच माझा धंदा.

मधला धावदोरा कुणालाही येतो. कडा आली की भल्याभल्या बायकांचे हात गळतात. आणि गोधडीचं आयुष्य असतं कडेवर. मध्ये फाटली तर वरून ठिगळ लावता येतं, ते शोभूनही दिसतं. पण माणूस झोपेत ओढतो ती कडच. एका गोधडीत दोघं झोपले तर भांडण कडेवरून होतं. वाळत घालताना पिळली जाते कड, आणि तान्ही मुलं तोंडात घालतात तीही कडच. एक टाका सुटला की आतल्या चिंध्या डोकं बाहेर काढतात आणि मग कुणाचं ऐकत नाहीत.

कडेला जी पट्टी लावतात तिला आम्ही गोट म्हणतो. गोटाचं कापड सरळ कापलं तर कोपऱ्यावर चुण्या पडतात, म्हणून ते तिरकं, म्हणजे उरेब कापायचं. तिरकं कापड थोडं ताणतं, वळणावर निमूट वळतं. आधी सगळे थर एकमेकांवर बसवून बाजू सरळ करून घ्यायच्या, मग पुढून टीप मारायची, पट्टी उलटवून मागच्या बाजूला आणायची आणि बारीक तुरपाई करायची. कोपऱ्यात घडी अशी पाडायची की वरून फक्त एक रेघ दिसली पाहिजे. सांगायला सोपं आहे. बोटावर अंगुस्तानाची टोपी घालूनही माझ्या मधल्या बोटाला पडलेला घट्टा बघितला की डॉक्टरीणबाई अजून विचारतात, हे काय झालं होतं.

सुरतेत या कामाला एक वेगळीच गोम आहे. इथे चिंधी मुबलक. साडीच्या मार्केटमधून पोतीच्या पोती निघतात, पण सगळं कापड पॉलिस्टर. गावाकडून आलेली आजी मात्र आपली सुती लुगडी घेऊन बसलेली. मग वरून सुती, खालून पॉलिस्टर आणि गोट शेजारणीने दिलेला, असा कारभार होतो. सुती कापड पाण्यात आटतं, पॉलिस्टर जागचं हलत नाही. न धुतलेला सुती गोट पॉलिस्टरच्या गोधडीला लावला तर पहिल्याच धुण्यात कडा आखडतात आणि गोधडीचा द्रोण होतो. असा एक द्रोण घेऊन एक बाई माझ्याशी भांडायला आली होती. तो गोट मी लावलेलाच नव्हता, कुणा दुसरीने लावला होता, पण भांडायला तिला माझं दार जवळचं होतं. मी तो उसवला, नवा लावून दिला आणि वर चहाही पाजला. आता ती माझी पक्की गिऱ्हाईक आहे आणि तो पहिला गोट मीच लावला होता असं अजूनही सगळ्यांना सांगते.

गिऱ्हाइकं एकेक अशी. अडाजणच्या श्रीमंत वस्तीतून गाडीने एक गुजराती बेन यायच्या. त्या गोधड्या परदेशात पाठवत. माझी तुरपाई बघून त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या, मावशी, हे मशीनचं वाटतं, जरा वाकडंतिकडं करा ना, हाताचं दिसायला पाहिजे. मी मनापासून प्रयत्न केला, पण वाकडं शिवायला माझा हात वळेना. शेवटी शेजारच्या मंगलला बसवलं. तिला ते आपोआप येतं. बेन फार खूश झाल्या आणि मंगल अजून माझ्याकडे बघून मिशीत हसल्यासारखी हसते.

मराठवाड्याचे दोन भाऊ एकदा आईची गोधडी घेऊन आले होते. आई गेली, सामान वाटून झालं, गोधडी एकच. मधून कापून दोन्ही अर्ध्यांना कडा करून द्या म्हणाले. मी म्हटलं, कडा करून देते, पण मी गिऱ्हाइकाची गोधडी कापत नाही, तेवढं तुमचं तुम्ही करा. आणि मोठी कात्री पुढे ठेवली. धाकटा मोठ्याकडे बघतो, मोठा कात्रीकडे. बराच वेळ कुणी हात लावेना. मग मोठ्याने गोधडी उचलून धाकट्याच्या खांद्यावर टाकली आणि दोघं निघून गेले. ते काम मिळालं नाही याचं मला वाईट वाटलं नाही.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट चौथ्या कोपऱ्याची. आमच्याकडे रीत अशी, की शेवटचा कोपरा बंद करण्याआधी त्यात चिमूटभर धान्य घालायचं. गोधडी उपाशी ठेवायची नाही. तिचं पोट भरलेलं असलं तर पांघरणारा उपाशी झोपत नाही, असं मानतात. ज्या घरची गोधडी त्या घरचं धान्य. घरच्या मोठ्या बाईने ते जुन्या कापडाच्या तुकड्यात बांधायचं आणि कडा करणारणीच्या हातात द्यायचं. ती पुरचुंडी कडा करणारणीने उघडायची नाही. दुसऱ्याच्या ताटात डोकावू नये, तसंच हे. मीही कधी उघडली नाही. आणि पोट भरलेली गोधडी मुद्दाम उसवायची नाही, असाही एक नियम आहे.

आमच्या गल्लीत सुपडाबाई राहतात. सगळे त्यांना जिजी म्हणतात. आमच्या खानदेशात वयाने मोठ्या बाईला तसं म्हणतात. जिजींचा मुलगा प्रकाश कडोदऱ्याला लूमच्या कारखान्यात आहे, मुलगी सुनीता बारडोलीला दिली आहे. सून रेखा सुरतेतच जन्मलेली. तिची अहिराणी कच्ची, मराठी गुजराती वळणाची आणि स्वयंपाक झकास. सासू-सुनेचं जमायचं, म्हणजे जेवढं जमतं तेवढं. जिजी रेखाला बोलायच्या आणि रेखा ऐकून न ऐकल्यासारखं करायची, त्यात दोघींची सोय होती.

सुनीता बाळंत व्हायची होती तेव्हा जिजींनी तिच्या बाळासाठी छोटी गोधडी केली. मऊ लुगड्यांची, मध्ये पिवळा चौकोन. स्वतः बारडोलीला जायच्या आदल्या दिवशी रेखाला सांगून गेल्या, की गोधडी शोभाकडे दे, आणि ज्वारीच्या डब्यात पुरचुंडी बांधून ठेवली आहे, तीही दे. रेखाने दोन्ही आणून दिलं. मी कडा केल्या, चौथ्या कोपऱ्यात पुरचुंडी ठेवली, कोपरा बंद केला. बंद करताना सुई कशावर तरी अडली. अंगुस्तानाने जोर दिला तर टोकच मोडलं. जिजींना आता दिसत नाही, ज्वारी निवडताना खडे राहतात, असं मनात म्हटलं आणि दुसरी सुई ओवली. बाळ झालं, मुलगा झाला, प्रकाश गोधडी बारडोलीला देऊन आला. माझ्यापुरतं ते काम संपलं.

बाळ रांगायला लागलं, दिवाळी जवळ आली. दिवाळीआधी माझ्याकडे घड्यांचा ढीग असतो. अशा एका दुपारी रेखा दारात आली. खांद्याला कपड्यांची पिशवी, हातात तिची स्वतःची अर्धी झालेली गोधडी. म्हणाली, मावशी, ही तुमच्याकडे राहू द्या, मी कतारगामला चालले, भावाकडे. मी म्हटलं, भाऊबीजेला तर अजून वेळ आहे. तर दारातच बसली आणि रडायला लागली.

हळूहळू जे बाहेर आलं ते असं. जिजींच्या आईच्या गळ्यातल्या पोतीतले सोन्याचे मणी होते. आमच्याकडे जुन्या बायका जोंधळी मणी घालत, ज्वारीच्या दाण्याएवढे, आतून पोकळ, लाख भरलेले. नवरा गेल्यावर जिजींनी पोत काढली आणि मणी एका चिंधीत बांधून ठेवले. ते आहेत हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आता सुनीताच्या मुलाचं जावळ होतं. नातवाच्या गळ्यात त्यातले एक-दोन मणी ओवून घालावे म्हणून जिजींनी ती चिंधी काढून सोडली, तर मणी नव्हते. घरात हात घालणारी दुसरी बाई नाही. त्यातून रेखाचा भाऊ हिरे घासणारा आणि बाजार मंद, त्याचं काम कित्येक महिने धड चालत नव्हतं. जिजींनी दोन अधिक दोन केले आणि गल्लीभर सांगितलं, की सुनेने सोनं माहेरी पोचवलं; दिवाळीच्या घड्यांत मान खाली, म्हणून माझ्याच कानावर ते आलं नव्हतं. प्रकाश आईलाही काही बोलला नाही आणि बायकोलाही नाही. रेखाला राग आला होता तो त्याचाच जास्त.

"मावशी, मला तर मालूमच नव्हतं घरात मणी आहेत," ती म्हणाली. "आणि म्हणतात, चोरटी असून हुशार केवढी, मणी काढून घेतले आणि पुरचुंडी पुन्हा बांधून ठेवली. रिकामी दिसू नये म्हणून आत ज्वारी घातली."

माझ्या हातातली सुई थांबली.

मी विचारलं, "आत काय निघालं म्हणालीस?"

"ज्वारी."

"आणि ती पुरचुंडी ठेवलेली कुठे होती?"

"ज्वारीच्या डब्यात. तळाशी."

तेव्हा मला ती मोडलेली सुई आठवली. डब्यात पुरचुंड्या दोन होत्या. एक मण्यांची, पूर्वीपासून लपवलेली. दुसरी धान्याची, गोधडीसाठी नव्याने बांधलेली. दोन्हींची चिंधी एकाच लुगड्याची असणार, कारण जिजींकडे चिंधीसाठी फाडायचं लुगडं एकच होतं. रेखा दर दळणाला डब्यातून ज्वारी काढते, डबा हलवते. वरची खाली गेली, खालची वर आली. हाताला जी आधी लागली ती तिने मला आणून दिली. आणि जिजींना वाटत होतं, धान्याची केव्हाच गोधडीत गेली, म्हणजे उरली ती मण्यांची. सोनं गेलं म्हटल्यावर घाबरलेल्या माणसाला आणखी काही सुचत नाही.

हे रेखाला सांगितलं तर आधी तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने पिशवी खांद्यावरून काढून खाली ठेवली. मग म्हणाली, "आणि त्या कोपऱ्यात नसले तर?"

तो प्रश्न माझ्याही मनात होता. नसले तर ती चोर ठरत होतीच, पण पुरचुंडी माझ्याही हातातून गेली होती. लोकांच्या घड्या माझ्या घरात विश्वासाने पडून असतात. गल्लीला माझ्याकडे बघायला किती वेळ लागला असता? घरात आमच्या ह्यांनी सरळ सांगितलं, तू यात पडू नको. ते म्हणतात त्यात बहुतेक वेळा तथ्य असतं. मी चप्पल घातली आणि रेखाला घेऊन जिजींकडे गेले.

जिजी दारात मेथी निवडत बसल्या होत्या. रेखाला पिशवीसकट परत आलेली बघून मान फिरवली आणि मला म्हणाल्या, "तुले काय लेनं-देनं शे यामा?" यात तुझा काय संबंध, असं. मी शेजारी बसले, मेथीची एक जुडी ओढून घेतली आणि निवडता निवडता सगळं सांगितलं. सुई मोडल्याचंही सांगितलं. जिजींचे हात थांबले. मला वाटलं आता उठतील, बारडोलीला फोन लावतील. तर त्या म्हणाल्या, "पोट भरेल गोधडी कोनी उसवस का? पोऱ्या निजस तिनावर."

रीत खरी होती. बाळ जिच्यावर झोपतं तिचं पोट उसवायचं म्हणजे कुणाच्याही मनात शंका येणारच. पण मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मणी सापडणार नाहीत याची त्यांना भीती नव्हती. सापडतील याचीच होती. माझं सोडलं तर गल्लीत एकही दार राहिलं नव्हतं जिथे त्यांनी सुनेचं नाव घेतलं नव्हतं. मला त्यांचा राग आला आणि दयाही आली, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे आवाज चढला.

"जिजी, पोट मी भरं, उघडसूबी मीच. काय लागी ते मना हातले लागी." दोष लागला तर माझ्या हाताला लागेल, असं.

त्या उठल्या आणि आत गेल्या. परत आल्या तेव्हा पायात चप्पल होती आणि पदराच्या टोकाला ती ज्वारीची पुरचुंडी बांधलेली होती. ती त्या पुरावा म्हणून घेऊन निघाल्या होत्या की आणखी कशासाठी, ते मी विचारलं नाही.

पण दिवस कलला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आम्ही तिघी बारडोलीला निघालो. जिजी खिडकीशी, मी मध्ये, रेखा पलीकडच्या रांगेत. कडोदरा आलं तेव्हा जिजींनी बाहेर बघितलं, मुलाचा कारखाना त्याच बाजूला. रेखाने बघितलं नाही. पुढे उसाच्या गाड्या लागल्या, बस त्यांच्या मागे रेंगाळायला लागली आणि मला वाटायला लागलं की ही बस आज पोचणारच नाही. पिशवीत मी कात्री, सुया, दोरा आणि गोटाचा जादा तुकडा घेतला होता. तो सारखा चाचपत होते.

सुनीताच्या खोलीत शिरलो तर बाळ जमिनीवर गोधडीवर पालथं पडलेलं आणि कोपरा तोंडात. नुसता तोंडात नाही, हिरड्यांनी चावत होतं. लाळेने तो कोपरा काळा पडला होता. सुनीता हसून म्हणाली, "ह्याला दुसरा कुठला कोपरा चालत नाही. हाच लागतो, हा कडक आहे ना. दात येताहेत."

तिने बाळाच्या तोंडातून कोपरा ओढून काढला तसं त्याने भोकाड पसरलं. मी गोधडी उचलून उजेडात नेली. शेवटचा कोपरा मी ओळखते. बंद करताना तिथे तीन टाके एकमेकांवर घालते, चिमणीच्या पायासारखे. ते तसेच होते. दोरा मळला होता, कापड चावून चावून मऊ झालं होतं, पण टाका एकही सुटला नव्हता. आयुष्यात कधी स्वतःच्या तुरपाईचं एवढं कौतुक वाटलं नाही. एखादा टाका जरी ढिला मारला असता तर आत सोनं असो की ज्वारी, पोराच्या घशात गेलं असतं. सुनीताला मी ते तेव्हा सांगितलं नाही.

उसवायला मात्र माझाच टाका मला भारी पडला. कात्रीचं टोक शिरेना. जिजी जमिनीवर बसल्या होत्या, रेखा दाराशी भिंतीकडे तोंड करून उभी. सुनीता बाळाला खांद्यावर थोपटत येरझाऱ्या घालत होती. अखेर कोपरा उघडला, दोन बोटं आत घातली आणि पुरचुंडी बाहेर आली. ओलसर, चपटी. ती घरच्या बाईनेच सोडायची, म्हणून मी ती जिजींच्या हातावर ठेवली.

जिजींनी ती रेखापुढे धरली. "तू सोड."

रेखाने वळून बघितलं. "नाही. तुम्हीच सोडा."

गाठ ओली होऊन घट्ट बसली होती. जिजींची नखं लागत नव्हती. मी सवयीने हात पुढे केला आणि परत घेतला. जिजींनी शेवटी दाताने गाठ सोडली. पिवळे मणी तळहातावर सांडले, एकदोन जमिनीवर गेले. मला एवढं हलकं वाटलं की मी तिथेच भिंतीला टेकून बसले आणि मला चक्क हसू यायला लागलं. रेखा हसली नाही. ती खाली बसली आणि जमिनीवर गेलेले मणी वेचून तिने सासूच्या हातावर ठेवले.

जिजींनी ते मोजले नाहीत. सुनीता म्हणाली, "आई, फोनवर वहिनीबद्दल काय काय बोललीस मला." जिजी मुलीकडे न बघता रेखाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "मनं चुकनं, रेखा. आख्खी गल्लीले सांगं मी. आते गल्लीलेबी मीच सांगसू."

रेखा उठून गेली नाही.

इकडे बाळाचं रडणं थांबेना. त्याला कोपरा पाहिजे होता आणि कोपरा तर रिकामा. जिजींनी पदराची गाठ सोडली आणि ती ज्वारीची पुरचुंडी काढून माझ्यापुढे धरली. मी घेणार, तेवढ्यात मध्येच रेखाचा हात आला. तिने पुरचुंडी घेतली आणि सरळ उघडली. सगळ्यांसमोर. दाणे तळहातावर घेतले आणि सासूच्या नाकासमोर धरले.

"जिजी, बघून घ्या. ज्वारीच आहे ना?"

जिजींनी वाकून बघितलं. एक दाणा उचलून दाताखाली धरला, चावला. "शे वं माय," त्या म्हणाल्या, "ज्वारीच शे." आणि सगळ्यात आधी सुनीता हसली, मग मी, मग जिजी आणि शेवटी रेखाही.

पुरचुंडी रेखानेच पुन्हा बांधली. कोपराही तिनेच बंद केला. सुई मी ओवून दिली, तेवढंच माझं काम. तिची तुरपाई वाईट नव्हती, पण टाके लांब पडत होते आणि घडीची रेघ जरा वाकडी गेली होती. माझे हात शिवशिवत होते. तरी मी गप्प बसले, शेवटचे तीन टाके कसे घालायचे तेवढं दाखवलं आणि मग सगळा कोपरा दोनदा ओढून बघितला. पक्का होता. बाळाला दिला तर त्याने तो सरळ तोंडात घातला आणि डोळे मिटले. त्याला फरक कळला असेल तर त्याने तसं दाखवलं नाही.

परत येताना जिजींनी मण्यांची चिंधी रेखापुढे केली. म्हणाल्या, आता तू ठेव. रेखा म्हणाली, नको, तुमचे तुम्हीच ठेवा, फक्त डब्यात ठेवू नका. जिजींनी चिंधी पदरात बांधली. कडोदऱ्याला बस थांबली तेव्हा रेखाने खिडकीतून बाहेर बघितलं. प्रकाशशी ती पुढे बरेच दिवस तुटक बोलत होती, आणि ते त्याला झेपलं नाही, हे मला बरं वाटलं.

त्यानंतर मी माझ्या कामात एक बदल केला. आता पुरचुंडी आली की ती आणणाऱ्या बाईसमोर उघडून बघितल्याशिवाय मी कोपऱ्यात घालत नाही. जुन्या बायका नाराज होतात, रीत मोडली म्हणतात. कुणी विचारलं तर मी रेखाकडे बोट दाखवते. ती दुपारी माझ्याकडे येऊन बसते, आपली अर्धी राहिलेली गोधडी पुरी करायला. गोधडी अजून झालेली नाही, कारण निम्मा वेळ ती मला गुजराती मालिकांच्या गोष्टी सांगते. आजकाल कामही कमी झालं आहे. लोक मखमली ब्लँकेटं घेतात, त्यांना कड मशीनवरच मारलेली येते. माझी नजरही पूर्वीसारखी राहिली नाही, सुईत दोरा रेखाच ओवून देते. कडेचं काम माझ्यानंतर गल्लीत कोण करेल माहीत नाही. मंगलचं नाव कुणी घेऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.

पण सांगत होते ते जिजींचं. बारडोलीहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाहेर पडल्या. गल्लीच्या टोकापासून सुरुवात केली. ज्या ज्या दारात सुनेचं नाव घेतलं होतं त्या त्या दारात उभ्या राहिल्या आणि बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. मणी कुठे होते, कसे गेले, कुणाची चूक झाली, हे पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचं आणि पुढच्या दारात जायचं. त्यांचे गुडघे दुखतात, पायरी चढताना चौकटीला धरावं लागतं. बायका म्हणत होत्या, अहो जिजी, कळलं आम्हाला, शोभाने सांगितलं. तरी त्या सांगतच होत्या.

दुपारी माझ्या दारात आल्या. चौकट धरून उभ्या राहिल्या, श्वास घेतला आणि सुरू झाल्या. मी म्हटलं, जिजी, मला काय सांगता, मी तर तिथेच होते.

"तू बी गल्लीमाच ऱ्हास ना," त्या म्हणाल्या.

मग मी सुई ठेवली आणि पहिल्यापासून सगळं ऐकून घेतलं.